एक साहेब, दोन मंडया

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात दक्षिण मुंबईत टॅक्सीत बसून ‘महात्मा फुले मंडई’ असं सांगून पाहा. चालक आरशातून एकदा आपल्याकडे बघतो आणि विचारतो, ‘क्रॉफर्ड ना?’ आपण ‘हो’ म्हणतो, मीटर पडतो. पालिकेच्या दप्तरात फुले आहेत, पण गिऱ्हाइकाच्या तोंडात अजून साहेबच आहे. पुण्यात बरोबर याच्या उलट. तिथे रिक्षावाल्याला ‘रे मार्केट’ म्हटलं तर त्याला काही बोध होणार नाही. ‘मंडई’ म्हटलं की पुरे.

मुंबईच्या मंडईला ज्याचं नाव होतं तो आर्थर ट्रॅव्हर्स क्रॉफर्ड, मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर. पुण्याच्या मंडईला ज्यांचं नाव होतं ते लॉर्ड रे, मुंबई इलाख्याचे गव्हर्नर. याच रेसाहेबांच्या सरकारने क्रॉफर्डवर लाचखोरीचे आरोप ठेवले, चौकशी बसवली आणि अखेर त्याची नोकरी गेली. म्हणजे एक मंडई आरोपीची, दुसरी फिर्यादीची. पुढे दोन्हींची जुनी नावं उतरली आणि दोन्ही ठिकाणी एकाच माणसाचं नाव लागलं. जोतीराव फुले त्या प्रकरणात साक्षीदार नव्हते, वकील नव्हते की संपादकही नव्हते. पण त्या सगळ्या गदारोळात जो प्रश्न कुणी विचारला नाही, तो त्यांनी पाच वर्षं आधीच लिहून ठेवला होता. क्रॉफर्डची कारकीर्द सांगायची तर तो प्रश्न हाताशी धरूनच सांगायला हवी.

कापूस उतरला, साहेब चढला

१ जुलै १८६५ ही तारीख मुंबईच्या इतिहासात दोनदा लिहावी लागते. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं होतं तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. पैशामागून सट्टा आला. समुद्र हटवून जमीन करू म्हणणाऱ्या कंपन्या निघाल्या, त्यांचे शेअर निघाले आणि शेअरांवर पैसे देणाऱ्या पेढ्याही निघाल्या. प्रेमचंद रायचंदच्या नुसत्या होकारावर लोक पैसे लावत. एप्रिल १८६५ मध्ये तिकडचं युद्ध संपलं, कापूस कोसळला. वायद्यांचे हिशेब चुकते करायचा दिवस १ जुलै होता. त्या दिवशी शहरातल्या किती श्रीमंतांच्या घरात दिवा लागला नसेल, देव जाणे.

नेमक्या त्याच दिवशी मुंबईचा नवा म्युनिसिपल कायदा अमलात आला आणि त्याखाली नेमलेला कमिशनर खुर्चीवर बसला. क्रॉफर्ड तेव्हा तिशीचा होता. उमेदीची वर्षं त्याने कोकणात, रत्नागिरीच्या बाजूला काढली होती. कोकणच्या दंतकथांवर त्याने म्हातारपणी पुस्तक लिहिलं, इतका तो मुलूख त्याच्या डोक्यात बसला होता.

त्याच्या हाती आलेलं शहर मात्र आजारी होतं. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईत ८,१६,५६२ माणसं मोजली गेली होती. तेजीच्या ओढीने घाटावरून, कोकणातून, गुजरातेतून माणूस आला आणि जागा मिळेल तिथे राहिला. गटारं उघडी, मैला रस्त्याकडेला, वस्तीच्या पोटात जनावरं कापण्याची ठिकाणं. १८६० पासून विहारचं पाणी नळाने येऊ लागलं होतं, पण वापरलेलं पाणी बाहेर कुठून जाणार, याची सोय अपुरी होती.

नव्या कायद्याने शहराचा कारभार जस्टिस ऑफ द पीस या नेमलेल्या प्रतिष्ठितांच्या मंडळाकडे सोपवला. अंमलबजावणीचे सगळे अधिकार मात्र सरकारने नेमलेल्या एकाच कमिशनरकडे दिले. मंडळाने अंदाजपत्रक मंजूर करायचं आणि कमिशनरने काम करायचं. त्याच्या हाताखाली शहराचा आरोग्य अधिकारी आणि कार्यकारी अभियंता आले. क्रॉफर्डला ही व्यवस्था अंगाला शिवलेल्या कोटासारखी बसली.

त्याने कामाचा सपाटाच लावला. कत्तलखाने शहरातून उचलून वांद्र्याला नेले. घाण वास सुटणारे धंदे वस्तीबाहेर हलवायला लावले. रस्ते रुंद केले. डॉ. हेवलेट या आरोग्य अधिकाऱ्याला बरोबर घेऊन साफसफाईचं खातं उभं केलं. त्या खात्याचा खरा भार हलालखोरांच्या डोक्यावर होता. हलालखोर हा त्या काळी मैला वाहणाऱ्यांना लावलेला सरकारी शब्द. साहेबाच्या अहवालात शहर स्वच्छ झालं ते या माणसांच्या टोपल्यांमुळे. अहवालात त्यांची नावं अर्थातच नाहीत.

आणि मग मंडई. किल्ल्याचे तट गव्हर्नर फ्रिअरसाहेबांच्या कारकिर्दीत पडले होते, कोट आणि गावठाण यांच्या मधली जागा मोकळी झाली होती. तिथे १८६९ मध्ये ही इमारत उभी राहिली. आराखडा विल्यम इमर्सनचा, ज्याने पुढे कलकत्त्याचा व्हिक्टोरिया मेमोरियल बांधला. कुर्ल्याचा पिवळसर दगड, वसईचा लाल दगड, वर घड्याळाचा मनोरा. रस्त्यापलीकडच्या जे. जे. कलाशाळेत शिकवणाऱ्या जॉन लॉकवुड किपलिंगने दारांवरची दगडी शिल्पं केली, आतल्या कारंजावर मूर्ती घडवल्या. दारावरच्या या शिल्पांत देव, राजे किंवा साहेब कोरलेले नाहीत. तिथे शेतकरी आणि कष्टकरी आहेत. गर्दीचा धक्का खात आत शिरताना मान वर करायला फुरसत नसते, म्हणून फार थोड्यांना हे दिसतं.

बिल कुणी भरायचं?

मंडई झाली, रस्ते झाले, शहराचा चेहरा पालटला. पैसा कुठून आला? तेजीत बसवलेल्या मोठ्या स्वप्नांचा खर्च मंदीत भागवायचा होता. घरपट्टी वाढली, कर वाढले, आणि त्याच सुमाराला माणसं शहर सोडत होती. १८७२ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ६,४४,४०५ वर आलेली दिसते. कर भरणाऱ्यांचे खिसे आटत होते आणि क्रॉफर्ड मंजूर रकमेच्या पुढे जाऊन खर्च करत होता. मंडळाने हिशेब मागितला की काम झालेलं असायचं. झालेलं काम परत कसं करणार?

१८७१ मध्ये करदात्यांचा संताप बाहेर आला. सभा झाल्या, अर्ज गेले, मंडळात ठराव आले. नौरोजी फर्दुनजी आणि विश्वनाथ नारायण मंडलिक यांच्यासारखी तोलामोलाची माणसं या चळवळीत होती. क्रॉफर्डला पद सोडावं लागलं.

या वादात एक तरुण बॅरिस्टर भलतंच बोलला. नोव्हेंबर १८७१ मध्ये फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटच्या सभागृहात फिरोजशहा मेहतांनी निबंध वाचला. वय २६. श्रोते क्रॉफर्डवर खवळलेले, आणि हा गृहस्थ सांगतो की क्रॉफर्डने शहराचं भलंच केलं. एकाच जबाबदार माणसाच्या हाती अंमल असणं योग्य आहे, दोष आहे तो त्याच्यावर लक्ष ठेवणाऱ्या मंडळात. ते मंडळ लोकांनी निवडलेलं हवं, असं त्यांचं म्हणणं. सभागृहाला ते रुचलं नाही. पण १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची पालिका आली, त्यातले काही करदात्यांनी निवडलेले, आणि कमिशनरचं पद तसंच राहिलं. १८८८ चा मुंबई महानगरपालिका कायदा त्याच साच्यातला. तो दुरुस्त्या होत होत आजही लागू आहे. मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि पुढे बराच काळ निवडणूक झाली नाही, तेव्हा आयुक्तच प्रशासक म्हणून मुंबईचा कारभार पाहत होते. मुंबईकरांना ते अजब वाटलं. क्रॉफर्डला वाटलं नसतं.

मुंबईने क्रॉफर्डला खर्चिक म्हणून घालवलं, तरी त्याला चोर म्हटलं नाही. मंडईला त्याचं नाव राहिलं. त्याचं स्वतःचं घर मात्र त्याच्या अंदाजपत्रकासारखंच चाललं होतं. राहणी मोठी, हात सैल, डोक्यावर कर्ज. सिव्हिल सर्व्हिसमध्ये पुढची वर्षं त्याने इलाख्यात वेगवेगळ्या जागी काढली, बढत्या मिळाल्या, आणि १८८० च्या दशकात तो पुण्याला सेंट्रल डिव्हिजनचा, मध्य विभागाचा, कमिशनर झाला.

बदलीचा भाव

मामलेदार हा शब्द आपल्याकडे आता जुन्या कादंबऱ्यांत उरला आहे. त्या काळी तालुक्याचा राजा तोच. सारा वसूल करणं त्याच्याकडे, छोट्या फौजदारी खटल्यांचे अधिकार त्याच्याकडे. पीक बुडालं तर किती बुडालं हे वर कळवणं, तगाई कुणाला द्यायची याची शिफारस करणं, पाटील-कुलकर्ण्यांच्या भांडणात तोंड घालणं, हेही त्याच्याच कचेरीत. शेतकऱ्याच्या दृष्टीने सरकार म्हणजे गव्हर्नर नव्हे, कलेक्टरही नव्हे. तो घोड्यावरून कधीतरी दिसायचा. सरकार म्हणजे मामलेदार कचेरी आणि तिथला कारकून.

आणि या मामलेदाराची नेमणूक, बढती, बदली विभागाच्या कमिशनरच्या सहीवर अवलंबून. कोरड्या दुष्काळी तालुक्यात सडायचं की पुण्याजवळ, मुलांच्या शाळेजवळ, यायचं, हे ती सही ठरवायची. आजही ज्याच्या घरात सरकारी नोकरी आहे त्याला या एका वाक्याचा अर्थ फोडून सांगावा लागत नाही.

पुण्यात कुजबुज सुरू झाली की साहेबाला पैसे पोचवले की काम होतं. पैसे थेट साहेबाकडे जात नसत. मध्ये माणसं होती. त्यांत मुख्य नाव हणमंतराव जहागीरदार यांचं. कुणी बढतीसाठी दिले, कुणी नको ती बदली टाळण्यासाठी, कुणी झालेली बदली फिरवण्यासाठी. कुणाला सरळ सांगण्यात आलं की दिले नाहीत तर काय होईल. हे सगळं ‘उसने’ या गोड शब्दाखाली चालायचं. साहेब अडचणीत आहे, मोठा माणूस आहे, पुढे फेडील.

लॉर्ड रे १८८५ मध्ये गव्हर्नर होऊन आले होते. डोनाल्ड मॅके हे त्यांचं नाव. स्कॉटिश घराणं, पण जन्म हेगचा, वाढले हॉलंडमध्ये. मुंबईच्या इंग्रजांना हा गव्हर्नर जरा परकाच वाटायचा. एतद्देशीयांच्या तक्रारी तो ऐकून घेतो, ही त्यांची मुख्य तक्रार. क्रॉफर्डबद्दलच्या गोष्टी रे यांच्या कानावर आल्या तेव्हा त्यांनी पोलीस खात्याचे प्रमुख ओमॅनी यांच्याकडे तपास दिला. अडचण उघड होती. लाच देणाराही गुन्हेगार; मग तो तोंड का उघडेल? म्हणून सरकारच्या नावाने शब्द देण्यात आला: खरं सांगा, तुमच्या केसाला धक्का लागणार नाही, नोकरीही जाणार नाही. त्या शब्दावर मामलेदार पुढे आले.

जुलै १८८८ मध्ये क्रॉफर्ड निलंबित झाला. त्यानंतर जे घडलं ते पुण्याने कितीतरी वर्षं चवीने सांगितलं असेल: विभागाचा कमिशनर वेश बदलून पुण्यातून पसार झाला आणि मुंबईत पकडला गेला. ज्या शहराला त्याने मंडई दिली, तिथेच तो लपायला गेला होता. हणमंतरावांवर वेगळा खटला चालला आणि त्यांना शिक्षा झाली.

क्रॉफर्डसाठी १८५० च्या कायद्याखाली चौकशी आयोग नेमला गेला. अध्यक्ष कलकत्ता हायकोर्टाचे न्यायमूर्ती विल्सन. ऑक्टोबर १८८८ पासून पुण्यात साक्षी सुरू झाल्या. एका बाजूला हुजूर साहेब. दुसऱ्या बाजूला पगडी घातलेले रावसाहेब एकामागून एक येऊन सांगताहेत, मी इतके दिले, अमक्याच्या हाती दिले, तमक्या बदलीसाठी दिले. असं दृश्य दख्खनने इंग्रजी अमलात आधी पाहिलं नव्हतं. ऐकणाऱ्यांच्या मनात एकाच वेळी दोन विचार येत असणार: साहेबही खातो हे अखेर उघड्यावर आलं, आणि आपला मामलेदारही देतो, हेही.

आयोगाचा निकाल क्रॉफर्डच्या बाजूने गेला. लाचखोरी सिद्ध झाली नाही. हाताखालच्या प्रदेशातल्या लोकांकडून नियम मोडून पैसे उसने घेतले, एवढं मात्र ठरलं. रे सरकारला हा निकाल पटला नाही. लाच झालीच, असं त्यांचं मत कायम राहिलं. प्रकरण लंडनला भारतमंत्री लॉर्ड क्रॉस यांच्याकडे गेलं. त्यांनी आयोगाचा निष्कर्ष बाजूला सारला नाही, पण उसनवारीवर बोट ठेवून क्रॉफर्डला नोकरीतून काढलं. साहेबाला तुरुंग नाही, दंड नाही, फक्त घरचा रस्ता. त्याच प्रकरणातला एतद्देशीय दलाल शिक्षा भोगत होता, हे कुणाच्या नजरेतून सुटलं नसेल.

शब्द दिलेला मामलेदार

प्रकरण इथे मिटलं असतं, पण खरी कोंडी आता पुढे होती. आयोग म्हणतो लाच झाली नाही. मामलेदार शपथेवर म्हणतात आम्ही दिली. मग हे मामलेदार कोण? खोटं बोलणारे, की लाच देणारे? दोन्हींपैकी काहीही असलं तरी त्यांना न्यायाधीशाच्या खुर्चीवर कसं बसवायचं? अँग्लो-इंडियन पत्रांनी हा सूर धरला आणि पार्लमेंटपर्यंत पोचवला. पदांची खरेदी-विक्री करणाऱ्याला ते पद धारण करता येत नाही, असा १८०९ चा इंग्लंडचा कायदा होताच. त्या कायद्यापुढे सरकारने दिलेला शब्द लंगडा पडला.

मधला मार्ग निघाला. १८८९ मध्ये खास कायदा करून या साक्षीदारांना दिवाणी-फौजदारी दाव्यांपासून संरक्षण देण्यात आलं. पण नोकरीच्या बाबतीत गट पाडले गेले. ज्यांच्याकडून जबरदस्तीने पैसे उकळले ते राहतील. ज्यांनी आपण होऊन, बढतीच्या आशेने दिले, ते जातील. काही मामलेदारांना घरी जावं लागलं. केसाला धक्का लागणार नाही म्हणून सांगितलं होतं, आणि मानच कापली गेली.

इथे टिळक रिंगणात उतरले. ते तेहतीस वर्षांचे होते; आगरकर ‘केसरी’तून बाहेर पडून ‘सुधारक’ काढत होते आणि ‘केसरी’ची दिशा आता टिळकांच्या हाती होती. त्यांनी लेखणी मामलेदारांसाठी चालवली. सप्टेंबर १८८९ मध्ये पुण्यात जाहीर सभा झाली, तिथे ते बोलले. विलायतेत विल्यम डिग्बी आणि खासदार चार्ल्स ब्रॅडलॉ यांच्यामार्फत प्रश्न विचारले जावेत यासाठी खटपट झाली. टिळकांचा मुद्दा लखलखीत होता: मामलेदारांनी केलं ते चांगलं की वाईट, हा वेगळा प्रश्न. सरकारने शब्द दिला, त्या शब्दावर विसंबून माणसांनी स्वतःविरुद्ध कबुली दिली. आता सरकार शब्द फिरवत असेल तर यापुढे सरकारच्या शब्दावर कोण विश्वास ठेवील?

सार्वजनिक वादातले जे टिळक पुढे महाराष्ट्राने बघितले, त्यांची पहिली झलक या प्रकरणात दिसते. कायद्याचं बोट धरायचं, सरकारला त्याच्याच वचनात पकडायचं, आणि भावनेला हिशेबाची जोड द्यायची. त्यांनी सगळ्या मामलेदारांना वाचवलं नाही, पण पुण्याला एक पुढारी मिळाला.

पैसा आला कुठून?

आता तो राहिलेला प्रश्न. आयोगाने विचारलं: साहेबाने घेतले का? सरकारने विचारलं: देणाऱ्याला ठेवायचं का? टिळकांनी विचारलं: दिलेल्या शब्दाचं काय? तिन्ही प्रश्न रास्त होते. पण मामलेदाराने साहेबाला पोचवलेले पैसे पगारातून गेले की कर्ज काढून, आणि गेलेले पैसे त्याने परत कुठून भरून काढले, हा प्रश्न कुणाच्या टाचणात नाही. तालुक्याच्या गावी मामलेदाराला पैसे मिळण्याच्या वाटा फार नव्हत्या. त्यातली एक वाट कचेरीच्या पायरीवर उकिडवी बसलेली असायची, डोक्याला मुंडासं आणि हातात साऱ्याची नोटीस घेऊन.

त्या माणसाची हालत काय होती हे दख्खनला माहीत होतं. इंदापूर तालुक्यापासून सारा वाढवण्याची फेरमोजणी १८६७ मध्ये सुरू झाली होती. कापसाची तेजी संपली, भाव पडले, सारा वाढला, सावकाराची वही फुगली. १२ मे १८७५ ला भीमथडी तालुक्यात सुप्याच्या बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर चाल केली, दस्त जाळले. मुंबईतल्या ज्या तेजी-मंदीने क्रॉफर्डचं अंदाजपत्रक बुडवलं, तिनेच सुप्याच्या शेतकऱ्याचंही बुडवलं. एक मंडई बांधून मोकळा झाला, दुसऱ्याला तुरुंग दिसला.

जोतीराव फुल्यांचं ‘शेतकऱ्याचा असूड’ १८८३ चं. क्रॉफर्ड प्रकरणाच्या पाच वर्षं आधीचं. गोरे अधिकारी ऐषारामात गुंग, दप्तर भटकामगारांच्या हाती, आणि दोघांच्या मध्ये कुणब्याची लंगोटी, असं चित्र त्यात पानोपानी आहे. कचेरीत, कोर्टात, कालव्याच्या पाण्यावर, प्रत्येक ठिकाणी हात ओले केल्याशिवाय शेतकऱ्याचं पान हलत नाही, हे ते तपशिलाने सांगतात. ते नुसते पुस्तकी सुधारक नव्हते. बांधकामाची कंत्राटं घेणारा माणूस होता तो. सरकारी कामात पैसा कुठे झिरपतो हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं. १८८८ मध्ये पुण्यात मामलेदार शपथेवर जे सांगत होते, त्याचा खालचा अर्धा भाग फुल्यांनी आधीच लिहून ठेवला होता.

तारखा लावून पाहिल्या की गंमत वाटते. ११ मे १८८८ ला मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यातल्या सभागृहात फुल्यांना ‘महात्मा’ ही पदवी देण्यात आली. मांडवी म्हणजे क्रॉफर्ड मार्केटपासून पायी जायचं अंतर. त्यानंतर दोन महिन्यांत मंडईवाला साहेब निलंबित झाला. त्याच वर्षी फुल्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, ते डाव्या हाताने लिहू लागले. २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले.

आणि पुण्याची मंडई? ती १८८६ मध्ये बांधून झाली, गव्हर्नरचं नाव मिरवत. पुण्याच्या नगरपालिकेत असताना फुल्यांनी या बांधकामाला विरोध केला होता. एवढा पैसा इमारतीत घालण्यापेक्षा तो गोरगरिबांच्या शिक्षणाला लावा, हे त्यांचं म्हणणं. लॉर्ड लिटन यांच्या स्वागतावर पालिका हजार रुपये उधळायला निघाली तेव्हा एकटा हात विरोधात वर झाला होता तो यांचाच. पुढे आचार्य अत्रे पुण्याच्या पालिकेत असताना त्यांच्या पुढाकाराने रे मार्केटची महात्मा फुले मंडई झाली. ज्या इमारतीच्या खर्चावर माणूस भांडला तिलाच त्याचं नाव लागलं. फुले असते तर हसले असते की रागावले असते, सांगता येत नाही. खर्चाचा हिशेब मात्र त्यांनी नक्की मागितला असता.

साहेबाची उरलेली पानं

नोकरी गेल्यावर क्रॉफर्ड इंग्लंडला परतला आणि लेखक झाला. १८९४ मध्ये त्याने एका पोलीस अधिकाऱ्याच्या आठवणी म्हणून पुस्तक लिहिलं. १८९७ च्या जूनमध्ये पुण्यात प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली, आणि त्याच वर्षी त्याचं पुणे आणि दख्खनमधल्या ‘आपल्या अडचणीं’वरचं पुस्तक बाजारात आलं. अडचणींचं मूळ त्याने पुण्याच्या ब्राह्मणांत, विशेषतः चित्पावनांत, शोधलं. नऊ वर्षांपूर्वी याच पुण्यात आपल्या नावाची काय चर्चा झाली होती हे विलायतेतल्या वाचकाच्या लक्षात नसावं, अशी त्याची अपेक्षा असावी. १९०९ मध्ये कोकणच्या दंतकथांचं पुस्तक आलं. १९११ मध्ये तो वारला.

रे मात्र सन्मानाने मोठे होत गेले. इंग्लंडच्या ब्रिटिश अकॅडमीचे पहिले अध्यक्ष झाले. मुंबईत हार्बर लाइनवरच्या स्टेशनला त्यांचं नाव अजून आहे. रे रोडला उतरणाऱ्यांपैकी किती जणांना तो गव्हर्नर आठवत असेल!

माणूस म्हणून क्रॉफर्ड कोणत्या खणात टाकायचा, हे ठरवणं कठीण जातं. मुंबईची घाण काढली ती त्यानेच, आणि पुण्यात सहीला भाव आला तोही त्याच्याच काळात. पण दोन्ही गोष्टींमागे सवय एकच दिसते. पैसा नेहमी दुसऱ्या कुणाचा तरी: आधी करदात्याचा, मग मामलेदाराचा. काम आज उरकायचं, हिशेब पुढे कधीतरी. मुंबईत हिशेब मागायला करदाते होते, त्यांना सभागृह होतं, वर्तमानपत्रं होती. म्हणून १८७१ मध्ये त्याला थांबवता आलं. पुण्यात मामलेदारांना निदान टिळक होते. साखळीच्या शेवटच्या कडीला ना सभागृह होतं ना वकील.

परवा मुंबईच्या मंडईत गेलो होतो. आकाशकंदील, सुका मेवा, रांगोळीचे रंग, आणि फळांच्या गाळ्यांसमोर पाय ठेवायला जागा नाही. घाऊक फळबाजार १९९६ मध्ये इथून वाशीला गेला, तरी दिवाळीत हे गाळे ओसंडतातच. एका गाळ्यावर सीताफळं होती, डोळे उघडलेली, टपोरी. कुठली म्हणून विचारलं. ‘पुरंदरची,’ गाळेवाला म्हणाला. पुरंदर तालुक्यातलं खानवडी हे फुले घराण्याचं गाव. क्रॉफर्डच्या सहीने मामलेदार बदलायचे तो मुलूखही हाच. भाव ऐकून मी जरा थबकलो आणि सहज विचारलं, ‘यातले शेतकऱ्याला किती मिळत असतील हो?’

त्याने फळ तागडीत टाकलं. ‘ते आपल्याला कसं कळणार, साहेब? आम्ही माल वाशीहून उचलतो.’